पोलंड आज बोललं नाही

अमेरिकेत एव्हरेटजवळच्या पार्क-अँड-राइडवरून, म्हणजे गाडी ठेवायच्या तळावरून, रेडमंडला जाणाऱ्या आमच्या व्हॅनमध्ये आम्ही वेगवेगळ्या ऑफिसांतले चौघं होतो. व्हॅन काउंटीच्या वाहतूक खात्याची. गाडी, पेट्रोल, दुरुस्ती सगळं त्यांचं, चालवायचं मात्र आपल्यापैकीच कोणीतरी. अट एकच, किमान चार माणसं हवीत. एक जरी कमी झालं तरी खातं व्हॅन परत नेणार, आणि मग ज्याने त्याने आपापल्या गाडीत बसून, पावसात, ब्रेकवर पाय ठेवून ऑफिस गाठायचं. व्हॅनला कारपूलची, म्हणजे एकाहून जास्त माणसांच्या गाड्यांसाठी राखलेली लेन मिळायची आणि आम्ही शेजारच्या खोळंबलेल्या गाड्यांकडे बघत पुढे जायचो. आमच्यातल्या सलोख्याचा पाया हा इतका होता.

व्हॅन चालवायचा एक अमेरिकन. मोंटानाचा, पन्नाशीला आलेला, ऑफिसच्या इमारतींची देखभाल बघायचा. पूर्वी सैन्यात होता आणि इराकला जाऊन आला होता. हे आम्हाला त्याच्या टोपीवरच्या अक्षरांवरून कळलं, त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या शेजारी एक जर्मन इंजिनिअर बसायचा, कारण त्याचे पाय लांब होते. मागे खिडकीशी अकाउंट्समधली एक पोलिश बाई, आणि तिच्या शेजारी मी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. लोकांच्या कामातल्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवायच्या, असं माझं काम. त्यामुळे स्वतःची मतं नम्रपणे गिळायची सवय होती.

माझ्या नवऱ्याला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून घरी मी त्यांचा उल्लेख देशानेच करायचे. "जर्मनी आज उशिरा आलं." "अमेरिकेला सर्दी झालीय." सुरुवातीला यात सोयीपलीकडे काही नव्हतं.

मग युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं.

पहिले काही आठवडे व्हॅनमध्ये पूर्ण एकमत होतं. रस्त्यारस्त्यावर युक्रेनचे निळे-पिवळे झेंडे लागले होते. आमच्या गल्लीत ज्यांनी कधी कुणाला गुड मॉर्निंग केलं नाही त्यांच्याही पोर्चवर झेंडा होता. अमेरिकनाने त्याच्या स्वतःच्या पिकअपला स्टिकर लावला. जर्मनाने कपडे आणि औषधं गोळा करून पाठवली. पोलिश बाईच्या आईचं गाव सीमेपासून जवळ होतं. आईने स्टेशनवरून युक्रेनहून आलेल्या एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला घरी आणलं होतं. आधी ओळख ना पाळख. पोलिश बाई आम्हाला रोज सकाळी बातमी द्यायची. मुलीला ताप आला, मुलीचा ताप उतरला, मुलीने त्या घरातल्या मांजराचं नवीन नाव ठेवलं. आम्ही तिघंही मांजराची चौकशी करायचो.

हे एकमत उन्हाळ्यापर्यंत टिकलं असेल. मग रणगाडे द्यायचे की नाही यावरून युरोपात वाद सुरू झाला आणि तो रोज सकाळी आमच्या व्हॅनमध्येही यायला लागला.

जर्मनाचं म्हणणं असं, की शस्त्रं वाढवली की युद्ध वाढतं. आमच्या देशाने हे सगळ्यात मोठी किंमत मोजून शिकून घेतलंय. तो हे पुढे बघत, शांतपणे बोलायचा, जसं काही मशीनचं मॅन्युअल वाचून दाखवतोय.

"तुम्ही शिकलात," पोलिश बाई मागून म्हणाली, "पण फी आम्ही भरली."

"हे खरं आहे," तो म्हणाला. "पण त्याने माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही."

त्या दिवसापासून बाईने त्याच्याशी बोलणं बंद केलं. मी घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "पोलंड आज बोललं नाही." तो म्हणाला, "मग? वाटाघाटी कोण करणार?"

वाटाघाटी माझ्याकडे आल्या. व्हॅन चौघांची, सोडून जाणं कुणालाच परवडणारं नव्हतं. त्यामुळे बाई मला म्हणायची, "त्याला सांग, खिडकी बंद कर, पाणी आत येतंय." जर्मन तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याला सगळं ऐकू यायचं. पण मी सांगेपर्यंत तो खिडकी बंद करायचा नाही, कारण बाई त्याच्याशी बोललीच नव्हती आणि त्याला तिच्या निर्णयाचा मान ठेवायचा होता. मग मी तेच वाक्य त्याच इंग्रजीत पुन्हा म्हणायचे. खिडकी बंद व्हायची. "तिला सांग, सॉरी." मी सांगायचे. इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायचं काम मी जवळजवळ अख्खा हिवाळा केलं.

या काळात अमेरिकनाचं मत बदलत होतं, पण इतकं हळू की आम्हाला ते त्याच्या पिकअपवरून कळलं. स्टिकर आधी फिका झाला, मग त्याचा एक कोपरा निघाला. त्याने तो काढलाही नाही आणि चिकटवलाही नाही. एकदा रस्त्यातला खड्डा चुकवताना तो म्हणाला, "तिकडे एवढं पाठवतात, इकडे हे कोणी बुजवत नाही." पोलिश बाईने ऐकलं. ती काही म्हणाली नाही, कारण गाडी तो चालवत होता.

एक दिवस ती माझ्याकडे वळली. "तुझं काय? इंडियात लोकांना काय वाटतं?"

एवढे महिने मला कुणी विचारलं नव्हतं आणि माझी काही तक्रार नव्हती. एकशे चाळीस कोटी लोकांना काय वाटतं हे त्या ट्रॅफिकमध्ये सांगणं अवघड होतं. मी म्हटलं, विचारून सांगते. त्या रविवारी नागपूरला बाबांना फोन केला. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चा ऐकतात, म्हणजे त्यांच्याशी भांडतात.

"बाबा, युक्रेनबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"तुला तिकडे कोणी विचारलं का?"

"हो. ऑफिसला जाताना सोबत असते ती बाई."

"मग सांग तिला," बाबा म्हणाले, "एकाहत्तरला अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा आपल्या बाजूने कोण उभं राहिलं होतं? रशिया. माणसाने उपकार विसरू नयेत."

"पण बाबा, आत्ता तिथे लोकांच्या घरांवर बॉम्ब पडताहेत."

"ते वाईटच आहे. मी कुठे चांगलं म्हणतोय? तू एकाहत्तरचं सांग."

सोमवारी मी सांगितलं. वाक्य जमेल तितकं मऊ करून सांगितलं. माझ्या वडिलांच्या वयाच्या लोकांना असं असं वाटतं, याचं कारण असं असं.

पोलिश बाईने शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्या आईच्या गावालाही रशियाने मदत केली होती," ती म्हणाली. "ती मदत चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालली." मग ती खिडकीकडे तोंड करून बसली.

आता ती माझ्याशीही बोलेना. निरोप कुणामार्फत पाठवायचे हा प्रश्न आला. ते अमेरिकनाकडे गेले. त्याने ती जबाबदारी आरशात बघत स्वीकारली. पण त्याला वेगळीच उत्सुकता होती. त्या संध्याकाळी परत जाताना त्याने मला विचारलं, "एकाहत्तरला आम्ही काय केलं होतं?"

"तुमची जहाजं आली होती."

"कुठे?"

"बंगालच्या उपसागरात."

"कशाला?"

"आम्हाला घाबरवायला."

हमरस्त्याची एक एक्झिट मागे गेली. "मग?"

"मग परत गेली."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि इंडिकेटर दिला. या विषयावर अमेरिकेची माफी मला एवढीच मिळाली आहे, आणि मी ती घेतली.

बाईचा अबोला माझ्याशी फार टिकला नाही. एका सकाळी तिने मला तिच्या डब्यातला केक दिला आणि म्हणाली, "तुझे वडील म्हातारे आहेत. माझी आईपण आहे." केक खसखशीचा होता.

मग दुसरं युद्ध सुरू झालं, गाझाचं, आणि व्हॅनमधल्या बाजू पुन्हा नव्याने लागल्या. मला वाटलं होतं आता जर्मन शांततेबद्दल बोलेल. पण तो म्हणाला, या बाबतीत जर्मन माणसाला इतरांसारखं बोलता येत नाही, आमचा ज्यूंबाबतचा इतिहास मध्ये येतो. पोलिश बाईने मला सांगितलं, "त्याला विचार, आता तुमचा देश शस्त्रं देतो तेव्हा युद्ध वाढत नाही का?" मी विचारलं. जर्मनाच्या मानेवर लाल रंग चढत गेला. "तिला सांग," तो म्हणाला, "मी रात्री झोपत नाही." मी ते सांगितलं नाही. तिने ऐकलं होतं.

अमेरिकन मात्र या वेळी पार मिटून गेला. त्याची मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला होती. गाझाच्या युद्धाविरुद्ध कॅम्पसवर तंबू ठोकून बसलेल्या मुलांमध्ये ती होती. तिने घरी फोन करणं बंद केलं होतं, कारण तो तिला म्हणाला होता की परीक्षा दे आणि मग बस. एकदा पेट्रोल भरताना एका माणसाने त्याची टोपी बघून त्याच्याशी हात मिळवला आणि देशसेवेबद्दल आभार मानले. अमेरिकन नेहमीप्रमाणे "यू आर वेलकम" म्हणाला. गाडीत बसल्यावर तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "आभार कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नाही. माझ्या मुलीने निदान विचारलं तरी."

"काय विचारलं?" जर्मनाने विचारलं.

"तू तिथे काय केलंस."

"मग काय सांगितलंस?"

"परीक्षा दे म्हणालो."

त्यानंतर त्याने नियम केला, की रेडिओवर फक्त हवामान आणि ट्रॅफिक लागेल. आम्ही तिघांनीही हरकत घेतली नाही. त्या हिवाळ्यात मला पाऊस कुठल्या टेकडीवर आधी येतो ते पाठ झालं.

फोन आला तो दिवस मला चांगला आठवतो. पुढे ट्रक उलटला होता आणि कारपूलची लेनसुद्धा थांबली होती. अमेरिकनाचा फोन व्हॅनच्या स्पीकरला जोडलेला असायचा. एका मुलीचा तरुण, गोड आवाज आला. जनमत चाचणी घेतेय, काही मिनिटं मिळतील का. एरवी त्याने कट केला असता. पण पुढे जाताच येत नव्हतं, म्हणून तो म्हणाला, विचारा.

वय, शिक्षण वगैरे झाल्यावर फोनवरची मुलगी म्हणाली, "युक्रेनच्या युद्धात आपला देश गरजेपेक्षा जास्त मदत करतोय, कमी करतोय, की योग्य तेवढी करतोय?"

"कमी," पोलिश बाई मागून म्हणाली.

"प्रश्न नीट बनवलेला नाही," जर्मन म्हणाला. "मदत म्हणजे कुठली मदत?"

"सर," आवाज म्हणाला, "तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का?"

"हो. दोन-तीन देश आहेत," अमेरिकन म्हणाला.

"मला फक्त तुमचं मत हवंय सर."

"माहीत नाही."

"ठीक आहे. गाझातल्या युद्धाबद्दल आपल्या सरकारच्या भूमिकेला तुमचा ठाम पाठिंबा आहे, थोडा पाठिंबा आहे, थोडा विरोध आहे, की ठाम विरोध आहे?"

पाऊस टपावर वाजत होता. अमेरिकनाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"माहीत नाही."

"परदेशातल्या युद्धांमध्ये आपण पडावं असं तुम्हाला सर्वसाधारणपणे..."

"माहीत नाही," तो म्हणाला. मुलीने आभार मानले आणि फोन बंद केला.

पोलिश बाई सरळ त्याच्याशी बोलली. "आमच्यात एकटा तू युद्ध बघितलेला आहेस. आणि तुलाच माहीत नाही?"

"जाण्याआधी मला सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "तेव्हा असा फोन आला असता तर मी सगळ्यावर ठाम पाठिंबा म्हटलं असतं. आमच्या गावात सगळेच म्हणाले असते. परत आलो तर तीच माणसं म्हणत होती, आम्हाला तर आधीपासून पटत नव्हतं. मी म्हटलं, मला सांगायचंत ना. मी बसमध्ये बसत होतो तेव्हा तुम्ही बँड आणला होता."

त्याला एका दमात इतकं बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. समोरची गाडी थोडी सरकली. त्याने व्हॅन तेवढीच पुढे घेतली.

बहुधा त्यामुळेच असेल, पुढच्याच आठवड्यात पोलिश बाईही बोलली. तिने फोन हातात घट्ट धरला होता. ती कुणाला उद्देशून बोलतेय ते पहिल्यांदा मला कळलं नाही.

"माझी आई म्हणते, आता त्यांनी जावं."

"कुणी?" मी विचारलं.

"तिच्या घरातल्या. ती बाई आणि मुलगी. आई म्हणते, गरम पाणी पुरत नाही. ती बाई टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवते. गावात सगळेच आता असं बोलतात. दुकानात, चर्चबाहेर. पहिल्या दिवशी त्याच लोकांनी स्टेशनवर सूप नेलं होतं. माझ्या आईने स्वतःचा पलंग दिला होता." मग तिने पुढे वाकून जर्मनाच्या सीटवर बोटं ठेवली. "तू काय करशील, तुझी स्वतःची आई असं बोलायला लागली तर?"

एवढ्या काळात तिने त्याला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सवयीने त्याच्याकडे वळले होते, मग माझी गरज नाही हे लक्षात आलं.

जर्मन पुढेच बघत राहिला. "माझी आई दर सोमवारी चौकात उभी राहते," तो म्हणाला. "हातात पाटी घेऊन. शस्त्रं देऊ नका अशी. मी तुम्हाला इथे जे सांगायचो ते तिचं आहे."

"आणि तुझं?"

"मला वाटतं रणगाडे द्यायला हवे होते. लवकर द्यायला हवे होते. हे तिला सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही."

मी मनात हिशेब लावत होते, की मग अख्खा हिवाळा मी कुणाचे निरोप कुणाला पोचवले.

"मग तू माझ्याशी का भांडलास?" बाईने विचारलं.

"तू 'तुम्ही शिकलात' म्हणालीस, त्यात माझी आईही आली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी माझ्या आईला मूर्ख म्हटलेलं मला चालत नाही."

रेडमंडची एक्झिट आली तेव्हा बाई म्हणाली, "टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत हे मात्र खरं आहे." जर्मन म्हणाला, "हो, चव जाते."

त्यानंतर ते दोघं थेट भांडायचे. मला सकाळी पुस्तक वाचता यायला लागलं.

व्हॅन बंद झाली ती युद्धामुळे नाही. जर्मन ज्या छोट्या कंपनीत होता ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि त्याचं काम गेलं. माझ्यासारखाच तोही व्हिसावर होता, म्हणजे कामाबरोबर देशही गेला. आम्ही चौथं माणूस शोधायचा प्रयत्न केला. पुण्याचा एक मुलगा मिळतो की काय असं वाटलं, पण त्याला घरून काम करायची परवानगी मिळाली. खात्याचा माणूस येऊन व्हॅन घेऊन गेला. आम्ही तिघांनी आतला कचरा काढून ठेवला होता. मागच्या सीटखाली खसखस निघाली.

जर्मनाच्या फ्लॅटमधलं सामान काढायला आम्ही शनिवारी गेलो. त्याचा सोफा पोलिश बाई घेणार होती. जिना अरुंद होता. सोफ्याचं वरचं टोक जर्मनाने धरलं, खालचं तिने. अमेरिकन आणि मी खाली उभे होतो. ती म्हणत होती डावीकडे वळव, तो म्हणत होता आधी उभा कर. दोघं आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि सोफा वळणावर अडकून बसला. अमेरिकन वर गेला, त्याने सोफ्याचे पाय काढले आणि खाली आला. मग सोफा सहज उतरला. दोघांनाही वाटलं आपलंच बरोबर होतं.

विमानतळावर आम्ही तिघंही गेलो, खरं तर एकानेच सोडलं असतं तरी चाललं असतं. अमेरिकनाची पिकअप होती. जाताना त्याने आम्हाला सांगितलं, की मुलगी सुट्टीत घरी येतेय. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी त्याने तिला थोडंसं सांगितलं. थोडंसं म्हणजे किती, ते आम्ही विचारलं नाही.

पोलिश बाईने तिच्या आईची बातमी दिली. त्या बाईला गावातच एक खोली मिळाली आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली. आता आईला घर मोठं वाटतं. रोज दुपारी ती त्यांच्याकडे जाऊन बसते आणि संध्याकाळी लेकीला फोन करून सांगते, की ती बाई अजूनही टोमॅटो फ्रिजमध्येच ठेवते.

जर्मनाने दोन्ही बॅगा उतरवल्या.

"आईकडे जाणार?" पोलिश बाईने विचारलं.

"हो. सोमवारी पोचतो."

"म्हणजे ती चौकात असेल."

"असेल."

"तिच्याबरोबर उभा राहणार?"

"नाही," तो म्हणाला. "पण संपल्यावर तिला घ्यायला जाईन. तिचे गुडघे दुखतात, आणि आमच्याकडे आता बर्फ असतो."

बाईने मान हलवली. मग गळ्यातला मफलर काढून तिने त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तिला दे. कुणी दिला ते सांगू नकोस."

जर्मन म्हणाला, "सांगणार." त्याने मफलर नीट घडी करून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि तो आत गेला.